जोड कापून बघा

(समाजाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर कीर्तनं झाली, नाट्यसंगीत झालं, इतिहासावर मोठमोठ्या अभ्यासकांची व्याख्यानं झाली. वर्कशॉपमधला माणूस इथे उभा राहतोय तो बहुधा पहिल्यांदाच. कार्यवाह मला म्हणाले, "१५ सप्टेंबरचा अभियंता दिन गणपतीच्या आसपासच येतो, तुम्ही काहीतरी बोला." मी म्हटलं, अहो, मी डिप्लोमावाला. सर विश्वेश्वरय्यांवर बोलायला मोठे लोक आहेत. ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी आपला पीथमपूरच्या धुळीविषयी बोलतो. चालेल म्हणाले, म्हणून उभा आहे.

आपल्या इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर पीथमपूरला गाड्यांची चाचणी घेण्याचं मोठं केंद्र आहे. नॅट्रॅक्स म्हणतात त्याला. २०२१ साली तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन झालं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. पण त्याच्या कितीतरी आधी, २००७ पासून, तिथल्या माळावर देशभरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांची एक स्पर्धा भरू लागली. तिचं नाव बाहा. इंग्रजीत लिहिलेलं वाचलं की 'बाजा' वाटतं. आमच्या चौकातल्या पानवाल्याने मला विचारलं होतं, "भिया, बाजा में कौनसी पार्टी बजा रही है?" त्याचं काही चुकलं नाही. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्निया नावाचा वाळवंटी प्रदेश आहे, तिथे खडतर रस्त्यांवरून गाड्यांची शर्यत होते, त्यावरून हे नाव आलं. विद्यार्थ्यांची बाहा मात्र १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली, आणि तिथून फिरत फिरत ती आपल्या दाराशी आली.

स्पर्धा काय, तर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एक माणूस बसेल अशी, खाचखळग्यांतून, चिखलातून, दगडांवरून धावणारी गाडी स्वतः आखायची, स्वतः बनवायची आणि तिथे आणून चालवून दाखवायची. यातली खरी गंमत इंजिनात आहे. इंजिन सगळ्यांना एकसारखं. बरीच वर्षं ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं, ३०५ सीसीचं, साधारण १० अश्वशक्तीचं असायचं. आपल्याकडे शेतात पंपाला जोडतात त्या जातीचं. त्याला हात लावायचा नाही. त्याचे फेरे मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर परीक्षक सील करून टाकतात. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा जास्त, त्याने मोठं इंजिन आणलं आणि जिंकला, असं होत नाही. ताकद सगळ्यांना सारखीच. तिचं तुम्ही काय करता ते दाखवा.

आणि नुसतं पळवून भागत नाही. गाडीचा नट न् नट कितीला पडला याचा हिशेब द्यावा लागतो. कंपनीने वर्षाला ४००० गाड्या काढायच्या ठरवल्या तर ही गाडी विकली जाईल का, हे परीक्षकांना पटवावं लागतं. प्रत्येक भाग असाच का केला, याची उत्तरं द्यावी लागतात. मग चढ चढणं, वळणं घेणं, आणि शेवटच्या दिवशी चार तासांची अखंड शर्यत. गाडी बंद पडली की ओढून आणायची, दुरुस्त करायची, परत सोडायची. चार तासांत जितके फेरे झाले तितके तुमचे. एकूण १००० गुणांतले ४०० या एका शर्यतीला. २०१५ पासून विजेवर चालणाऱ्या गाड्यांची ई-बाहाही सुरू झाली.

अशा स्पर्धा फक्त गाड्यांच्याच असतात असं नाही. यंत्रमानवांची आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन नावाची स्पर्धा आहे, २००२ साली टोकियोत सुरू झालेली. २००८ साली ती आपल्या पुण्यात झाली. यजमान देश विषय ठरवतो, आणि आपण विषय काय दिला असेल? गोविंदा! मडकी टांगलेली आणि देशोदेशीच्या पोरांचे रोबो त्यातलं लोणी मिळवायला धडपडताहेत. कृष्णाची खोडी चीन, जपान, व्हिएतनामच्या पोरांनी गणितात बसवली. मला त्या कल्पनेचं फार कौतुक वाटतं.

असो. मी आज बोलायला उभा आहे ते माझ्या एका चुकीवर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच वस्तीतली एक मुलगी, तिने "काका, माझं नाव घ्यायचं नाही" असं बजावलं आहे म्हणून घेत नाही, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. एका रविवारी सकाळी घरी आली. म्हणाली, "काका, आमच्या बाहाच्या गाडीची फ्रेम करायची आहे. वेल्डिंगला चांगला हात हवाय." मागोमाग दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आरतीनंतर भेटले. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "तुम्ही तरी तिला सांगा हो. पाचवं सेमिस्टर आहे. रात्री अकरा-अकराला घरी येते, हाताला ग्रीस. गाडी-गाडी खेळून काय मिळणार? मार्क गेले तर नोकरी कोण देणार?"

मी दोघांनाही हो म्हटलं. आपल्या समाजात एवढं जमतंच सगळ्यांना.

माझं काम शासकीय तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमधलं. वीस वर्षं मुलांना वेल्डिंग शिकवतोय. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जाऊन पोरांना मदत करायची याचं मला काही वाटलं नाही. उलट जरा मिरवण्याची हौसच होती. पोरांनी पाइप आणले होते. नियमाप्रमाणे मुख्य सांगाड्याला २५ मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप, आणि त्या पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. मी म्हटलं, एवढ्याशा गाडीला एवढं कशाला? ती मुलगी म्हणाली, "काका, हा पिंजरा आहे. गाडी उलटली तर आतला माणूस याच्याच जिवावर." एवढं बोलून तिने पुढचा पाइप माझ्याकडे सरकवला.

दोन रविवारांत फ्रेम उभी राहिली. एका पाइपाचं तोंड दुसऱ्यावर नीट बसावं म्हणून माशाच्या तोंडासारखं कापायचं, ते पोरांनी फार छान केलं होतं. माझे वेल्डही दिसायला सुरेख होते, एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखे. पोरांनी फोटो काढले. मी चहा घेतला, कौतुक ऐकलं आणि घरी आलो.

आता नियमपुस्तकात एक कलम आहे, आणि ते त्या मुलीने वाचलं होतं. मी नव्हतं वाचलं. कलम असं, की पिंजऱ्याचं वेल्डिंग ज्या माणसाने केलं, त्याच माणसाने, त्याच पाइपाचे, दोन नमुने करून द्यायचे. एक ९० अंशांत जोडलेला. तो ताकद लावून मोडायचा, आणि मोडला तर पाइप फाटला पाहिजे, वेल्ड नाही. दुसरा ३० अंशांत, म्हणजे चिंचोळ्या कोनात जोडलेला. तो मधोमध उभा कापायचा आणि धातू आतपर्यंत वितळून एकजीव झालाय का ते बघायचं.

मी दोन्ही नमुने पंधरा मिनिटांत करून दिले. पहिला मोडला तेव्हा पाइप फाटला, वेल्ड जागेवर. मी म्हटलं, बघा. दुसरा तिने शिकंज्यात धरला आणि हॅक्सॉने स्वतः कापला. कानशीने घासला, पॉलिश पेपर मारला आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, आत पोकळ आहे."

मी बघितलं. वरून नाण्यांची रास. आत, अगदी कोनाच्या मुळाशी, दोन पाइपांच्या मध्ये एक काळी रेघ. धातू मुळापर्यंत पोचलाच नव्हता. वरच्या वर पूल बांधल्यासारखा झाला होता.

खरं सांगतो, मला राग आला. तिचा नव्हे, पण तोंडातून गेलं ते तिच्यावरच. म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून वेल्डिंग करतोय. ते कोन कुणालाच नीट येत नाहीत, त्यावर काही अडत नाही." ती काही बोलली नाही. तो कापलेला तुकडा तिने माझ्या हातात ठेवला. बाकीची पोरं जमिनीकडे बघत उभी. मी स्कूटर काढली आणि घरी आलो.

रात्री झोप लागली नाही. तो तुकडा खिशातच राहिला होता. काढून दिव्याखाली धरला. मंडळी, वीस वर्षांत मी हजारो पोरांचे जॉब तपासले असतील. बाहेरून बघायचं, हातोडी मारून पापुद्रा काढायचा, ठीक आहे, पुढे जा. माझा स्वतःचा जोड कुणी कापून बघितला नव्हता. मीही नाही. आणि त्या फ्रेममध्ये असे चिंचोळे कोन किती होते ते मला झोपेतही मोजता येत होते.

कदाचित काही झालंही नसतं. बहुतेक जोडांना तेवढं पुरतं. पण मी स्वतःला विचारलं, त्या पिंजऱ्यात एक विशीतला पोरगा पट्टे बांधून बसणार आहे. त्याला आपण 'कदाचित'वर बसवायचं का?

सकाळी ड्यूटीला जाण्याआधी तिच्या कॉलेजला गेलो. म्हटलं, ग्राइंडर काढ. सगळे चिंचोळे कोन उघडायचे. पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी आम्ही तेच करत होतो. चूक समजायला वेळ लागला नाही. टॉर्चचं तोंड त्या कोनात शिरतच नव्हतं, म्हणून मी लांबून मारत होतो. आणि पाइपावर कारखान्यातलं तेल तसंच होतं. पाइप चकचकीत घासून घेतले, टॉर्च धरायची दिशा बदलली, करंट वाढवला, कोनाच्या मुळापासून सुरुवात केली. दरवेळी आधी नमुना, नमुना कापायचा, मग फ्रेम. चौथा नमुना कापला तेव्हा आत रेघ नव्हती. तिने मला तो दाखवला आणि म्हणाली, "काका, आता करा." माझ्या विद्यार्थ्याला मी जसं म्हणतो तसंच म्हणाली. मला ते आवडलं.

पीथमपूरला पोचलो तर तिथे शंभराच्या वर गाड्या. पुण्याच्या, सांगलीच्या, नाशिकच्या पोरांचं मराठी कानावर पडत होतं, पलीकडे तमिळ, तेलुगू, पंजाबी. आणि सगळीकडे एकच रांग, तपासणीची. परीक्षक टेपने मोजतात, आरसा घालून आत बघतात, वेल्डचे नमुने हातात घेऊन बघतात. इंजिन बंद करायचं बटण एक ड्रायव्हरच्या हाताशी आणि एक बाहेरून दिसेल असं, दोन्ही चालतात का ते बघतात. ड्रायव्हरला सगळे पट्टे बांधून, हेल्मेट घालून बसवतात आणि सांगतात, हं, बाहेर ये. पाच सेकंदांत तो गाडीबाहेर उभा दिसला पाहिजे. सहा झाले की जा, सराव कर, परत ये.

मग ब्रेकची परीक्षा. गाडी पळवायची आणि ब्रेक मारायचा, चारही चाकं जागीच अडकली पाहिजेत. आमची तीनच अडकत. पोरांनी दिवसभर डोकं खाजवलं. ब्रेकच्या नळीत हवा राहिली होती, ती काढली, तरी एक चाक फिरतंच. दुसऱ्या दिवशी, वेळ संपायला थोडा उरला असताना, चारही चाकांच्या काळ्या रेघा मातीत उठल्या. ते स्टिकर गाडीवर लागलं तेव्हा ती पोरं जशी ओरडली, तसं मी विसर्जनाच्या मिरवणुकीतसुद्धा ऐकलेलं नाही. आणि लक्षात घ्या, अजून शर्यत सुरूही झालेली नव्हती. कितीतरी टीम वर्षभर राबून तिथवर येतात आणि त्या तपासणीतच थांबतात. गाडी ट्रेलरवर चढवून परत नेताना त्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत.

शेवटच्या दिवशी चार तासांची शर्यत. दुसऱ्या तासात आमची गाडी एका उंचवट्यावरून उडाली, मागून दुसरीचा धक्का लागला, ती आडवी झाली आणि मग पूर्ण उलटी. चाकं आभाळाकडे. धुळीत काही दिसेना. मी कुंपणापाशी उभा होतो. तेवढ्या वेळात मला फक्त तो खिशातला तुकडा आठवत होता.

कर्मचारी धावले, गाडी सरळ केली. पोरगा पट्टा सोडून बाहेर आला आणि हेल्मेट काढून हात वर केला. डॉक्टरांनी बघितलं; कोपरावर खरचटलं होतं, बाकी काही नाही. परीक्षकांनी पिंजरा पुन्हा तपासला. एक पाइप थोडा चेपला होता. जोड एकही उघडला नव्हता.

आता मी असं म्हणणार नाही की आधीचे जोड असते तर तो पोरगा वाचला नसता. कदाचित तेही टिकले असते. ते मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी कुंपणापाशी उभं असताना मला ते कळण्याची गरज नव्हती, कारण आम्ही कापून बघितलं होतं.

पुढे तिसऱ्या तासात मागच्या चाकाचा शाफ्ट तुटला. जोडला, परत सोडला. आम्ही मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर आलो. बक्षीस नाही, ढाल नाही. परत येताना ट्रेलरच्या मागच्या गाडीत सगळी पोरं झोपली होती, आणि ती मुलगी मांडीवर वही घेऊन पुढच्या वर्षीच्या टीमसाठी काय काय चुकलं ते लिहीत होती.

तिच्या बाबांना मी काय सांगितलं? खरं तेच सांगितलं. त्या सेमिस्टरला तिचे मार्क थोडे गेले. नोकरी लागली, पण ती त्या गाडीमुळेच लागली असं मी सांगणार नाही. मी एवढंच म्हटलं, "भाऊसाहेब, तुमची मुलगी माझ्यासारख्या वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला, चार पोरांसमोर, न घाबरता आणि न ओरडता म्हणाली, आत पोकळ आहे. हे कोणत्या पेपरात येतं?" ते काही बोलले नाहीत. पण त्या वर्षी पीथमपूरला शर्यत बघायला आले होते, कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. मला नंतर कळलं.

मंडळी, आपण पिढ्यान् पिढ्या इकडे माळव्यात राहिलेले लोक. आपल्या घरांत शिक्षणाला मान आहे, त्याचा अभिमानच आहे. पण आपल्याकडे एक खोड आहे. पोरगा अभ्यासाला बसलेला दिसला की आपण चहा नेऊन देतो. हाताला काळं लागलेलं दिसलं की विचारतो, हे काय चाललंय? डिप्लोमा म्हटलं की आवाज अर्धा खाली येतो. आणि मोठ्यांनी केलेलं काम कापून बघायची तर आपल्याकडे पद्धतच नाही. वरून नाण्यांची रास दिसली की आपण समाधानी. मीही त्यातलाच होतो, म्हणून बोलतोय.

तीन गोष्टी मागतो आणि थांबतो.

एक, तुमचा मुलगा किंवा मुलगी असल्या स्पर्धेच्या टीममध्ये जायचं म्हणाली तर पहिला प्रश्न नंबराचा विचारू नका. "तपासणीत पास झालात का?" असं विचारा. ते ऐकून त्यांना कळेल की यांना काहीतरी समजतं.

दोन, आपल्या समाजात निवृत्त फिटर आहेत, टर्नर आहेत, गिरण्यांत आयुष्य घालवलेले जॉबर आहेत, ओव्हरसिअर आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्याच कॉलेजच्या फळ्यावर नाही. महिन्यातून एक रविवार, दोन तास, या पोरांना द्या. मी माझे देतो, माझं नाव पहिलं लिहा. फक्त एक अट, आपला जोड त्यांना कापू द्या.

तीन, पुढच्या हिवाळ्यात बाहेरगावची पोरं आली, की त्यांतली मराठी पोरं आपल्या वस्तीच्या आसपास कुठेतरी उतरतात. रात्री बारापर्यंत पाना फिरवतात आणि सकाळी काही न खाता निघतात. आपले पोहे आणि जिलबी काय कामाची मग? समाजाच्या सभागृहात एक सकाळ त्यांच्यासाठी ठेवू या. कार्यकारिणीने मनावर घ्यावं.

तो कापलेला तुकडा मी फेकला नाही. वर्कशॉपमध्ये माझ्या टेबलावर असतो. दरवर्षी नवीन पोरं आली की आधी तो हातात देतो आणि विचारतो, हा कुणाचा जोड असेल? कुणी म्हणतं पहिल्या वर्षाच्या मुलाचा, कुणी म्हणतं बाहेरच्या कारागिराचा. मग मी सांगतो.

 गणपती बाप्पा मोरया!